आंखडलेल्या अंगाची मशागत

पोळ्याच्या आदल्या दिवशीं आपण बैलाचे खांदे ऊन पाण्यानें धुतों, तूप-हळदीनें मळतों आणि दुसऱ्या दिवशीं त्याच्या मानेवर जूं ठेवीत नाहीं. वर्षभर ज्यानें जूं वाहिलें त्याच्या खांद्यास विसांवा द्यावा, हें आपल्या पूर्वजांस समजलें होतें. परंतु त्याच बैलामागें चालणाऱ्या धन्याची पाठ कोण मळतो? जळगांव व धुळें जिल्ह्यांत कापसाची वेचणी सुरू झाली कीं बायामाणसें कमरेस ओटी बांधून दिवसभर वांकतात. रावेर-यावलकडे केळीचे घड खांद्यावर घेऊन मजूर बागेंतून गाडीपर्यंत खेपा घालतात. ट्रॅक्टर आल्यानें पाठ सुटली असें म्हणावें, तर त्याच्या धक्क्यांनीं ती निराळ्या रीतीनें धरते. आम्हीं स्वतः महसूल खात्यांत टेबलावर वांकून वर्षानुवर्षें नकला उतरल्या असल्यानें मान धरणें म्हणजे काय, हें आम्हांस पुस्तकावरून शिकावें लागलें नाहीं.

शरीरांतील स्नायूंवर एक पातळ, पांढुरकें वेष्टन असतें. वैद्यकीय परिभाषेंत त्यास प्रावरणी म्हणतात. मोसंबें सोलतांना प्रत्येक फोडीभोंवतीं जो पातळ पापुद्रा दिसतो, तो डोळ्यांपुढें आणावा. हें वेष्टन शरीरभर एकमेकांस जोडलेलें असतें. म्हणूनच सदऱ्याचें एक टोंक ओढलें असतां दुसऱ्या खांद्याशीं ताण यावा, तशी स्थिति होते. त्याचे थर एकमेकांवर सुखानें सरकावेत म्हणून मध्यें ओलावा असतो. शरीर फार काळ एकाच स्थितींत राहिलें कीं हें सरकणें मंदावतें. सन २०११ मध्यें अमेरिकेंतील हेलन लान्जेव्हिन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जुनाट कंबरदुखीचे ७१ व तशी दुखणी नसलेले ५० लोक ध्वनिलहरींच्या यंत्रानें तपासले. दुखणेंकऱ्यांच्या कमरेंतील थरांचें सरकणें सुमारें २० टक्क्यांनीं कमी आढळलें. वेदना आधीं कीं जडपणा आधीं, हें मात्र या मोजणीवरून ठरत नाहीं. यास्तव केवळ चोळून प्रावरणी मोकळी करून देतों म्हणणाऱ्यांपासून आपण चार हात दूर राहावें.

या विषयाचें एक मूळ आपल्या खानदेशांतच आहे, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असेल. पुढें स्वामी कुवलयानंद या नांवानें प्रसिद्धीस आलेले जगन्नाथ गणेश गुणे हे १९१६ सालापासून अमळनेर येथील राष्ट्रीय कॉलेजांत होते. बडोद्यास प्राध्यापक माणिकरावांच्या आखाड्यांत त्यांनीं आधींच तालीम घेतली होती. पुढें माधवदासजी महाराजांकडून योग शिकले. योगाचे परिणाम यंत्रांनीं मोजावे, या विचारानें त्यांनीं १९२० च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयांत क्ष-किरणांच्या साहाय्यानें प्रयोग केले, आणि १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून 'योगमीमांसा' हें नियतकालिक काढलें. आसनें हिसके न देतां, सावकाश ताण देऊन व त्या स्थितींत थांबून करावयाचीं असतात, हा भेद त्यांनीं मोठ्या आग्रहानें मांडला. जोर-बैठका हें आपल्या तालमींचें भूषण खरें. पण आंखडलेल्या पाठीस तें औषध नव्हे.

आतां प्रत्यक्ष कृति. रात्रीं निजण्यापूर्वीं सतरंजीवर उताणें निजावें, गुडघे वर घेऊन तळवे जमिनीस टेकावे आणि दोन्ही गुडघे मिळून डावीकडे व उजवीकडे हळूहळू कलवावे. श्वास सोडतांना कलवावे, घेतांना मध्यें आणावे. खांदे जमिनीवरून उचलूं नयेत. दहा वेळां पुरे. नंतर हात व गुडघे टेकून, मांजर पाठीची कमान करतें तशी कमान करावी व पुन्हां पाठ खालीं सोडावी. शेवटीं पालथें निजून कोपरांवर छाती किंचित् उचलावी. दिवसभर पुढें वांकलेल्या कमरेस ही उलट दिशा फार मानवते. एकंदर दहा-बारा मिनिटें लागतात. ताण गोड वाटेल तेथेंच थांबावें. दांत आवळावे लागले तर तेवढें जास्त झालें असें समजावें. चार दिवसांत फरक दिसला नाहीं म्हणून सोडूं नये, निदान महिनाभर नेमानें करावें.

दुकानांतून पुडी आणून रोज वेदनाशामक गोळी घेण्याची चाल गांवोगांव पडली आहे. आपल्याकडील उन्हांत, घाम गळून शरीरांतील पाणी कमी झालें असतां, अशा गोळ्या मूत्रपिंडास व जठरास अपाय करूं शकतात. तसेंच पाय बधिर होणें अथवा लुळा पडणें, लघवीवरील ताबा जाणें, पाठदुखीबरोबर ताप येणें, रात्रीं निजूनही कळ न थांबणें, किंवा पडल्यानंतर दुखणें सुरू होणें, यांपैकीं कांहींही असेल तर सतरंजी बाजूस ठेवून तत्काळ डॉक्टर गांठावा.

एक गोष्ट जमीनधारक वाचकांपुढें ठेवणें अवश्य वाटतें. वेचणीची मजुरी वजनावर असते. म्हणून मजूर स्त्री पाठ ताठ करण्यासाठीं थांबली तर तिचे पैसे बुडतात, आणि ती थांबत नाहीं. याकरितां पिण्याच्या पाण्याची कळशी शेतांत फिरते, त्या वेळीं मालकानेंच सर्वांस ओट्या उतरावयास सांगावें, दोन मिनिटें कमरेवर हात ठेवून मागें वांकावयास लावावें, आणि तेवढ्या वेळाची मजुरी वजनावर वेगळी द्यावी.