शिफारसपत्र चॅटजीपीटीकडून लिहून घेताय? आधी नाव बदलून बघा

अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्या मुलीला आपल्याकडे एमडी करायचं तर नीट-पीजीचे मार्क लागतात, शिफारसपत्र नाही. तीच मुलगी अमेरिकेत रेसिडेन्सीला अर्ज करते तेव्हा मात्र प्राध्यापकांची पत्रं ऑनलाइन अपलोड करावी लागतात. खरी मेख तिथे आहे.

2003 मध्ये ट्रिक्स आणि सेंका यांनी एका अमेरिकन मेडिकल स्कूलमधली, प्राध्यापकपदासाठीची 300 हून जास्त पत्रं तपासली. स्त्रियांची पत्रं आखूड निघाली. त्यात 'कष्टाळू' छापाची विशेषणं जास्त, आणि शंका पेरणारी वाक्यंही. 2023 मध्ये चॅटजीपीटीला पत्रं लिहायला लावली, तर पुरुषाच्या नावाला नेतृत्व आणि बाईच्या नावाला प्रेमळपणा! माणसांनी लिहिलेल्या मजकुरावरच शिकलंय ना ते.

म्हणून सरांना आणि मॅडमना मी एवढंच सुचवेन: एआयचा मसुदा आला की नाव मुलाचं घालून, 'शी'चं 'ही' करून एकदा वाचा. मुलाबद्दल हे लिहिलं असतं का? "मनमिळाऊ, मेहनती" खटकलं, तर तिथे तिने वॉर्डात काय सांभाळलं, कोणतं निदान पकडलं, ते लिहा. नुसतं 'शी' काढून भागत नाही; विशेषणं तशीच राहतात.