मुलांचे पाय अकस्मात् कां आखडतात?

रात्रीं धडधाकट निजलेलें मूल सकाळीं "मला चालवत नाहीं" म्हणूं लागलें म्हणजे घरांत एकच गडबड उडते. अशा वेळीं आमच्या मतें पहिला प्रश्न हा कीं, पाय दुखतो म्हणून मूल चालत नाहीं, कीं पायांत बळच उरलें नाहीं?

इन्फ्लुएन्झाचा ताप ओसरतां ओसरतां पोटऱ्या दुखूं लागतात. त्या दाबल्या असतां मूल कळवळतें व चवड्यांवर चालतें. हा स्नायूंचा दाह बहुधा आठवड्याभरांत आपोआप शमतो. मात्र लघवी चहासारखी काळसर झाल्यास मूत्रपिंडांस धोका संभवतो. ताप असून मूल एकाच पायाचा खुबा हलवूं देत नसेल, तर सांध्यांत पू झाल्याची शंका घ्यावी. तेथें एक दिवसही दवडूं नये.

गियाँ-बारे विकाराची गोष्ट निराळी. त्यांतही वेदना असतात, आणि येथेंच भलेभले फसतात. परंतु त्यांत अशक्तता पायांकडून वर चढत जाते, गुडघ्याखालीं हातोडी मारली तरी पाय उडत नाहीं, आणि श्वासाचे स्नायू सांपडल्यास जीवावर बेततें. अशा मुलाचे पाय तेलानें चोळीत वाट पाहणें आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

पाय लुळा पडला कीं पूर्वीं पोलिओच आठवे. त्याच्या नैसर्गिक विषाणूचा भारतांतील शेवटचा रोगी २०११ सालीं आढळला. तरीही पंधरा वर्षांखालील मुलाचा पाय अकस्मात् लुळा पडल्यास त्याची वर्दी आजही आरोग्यखात्यास दिली जाते, व चौदा दिवसांच्या आंत, चोवीस तासांच्या अंतरानें, शौचाचे दोन नमुने तपासणीस घेतात.