चौकशी, अभियांत्रिकी अपयशाची

वास्तू, यंत्र वा कार्यपद्धती अपेक्षेप्रमाणे काम करेनाशी झाल्यास तिच्या अपयशाची कारणे निश्चित करण्यासाठी केलेला पद्धतशीर शोध. ‘काय घडले’ हे ठरण्यापूर्वीच ‘कोणी केले’ हे ठरविल्यास ठपका बहुधा अखेरचा हात लावणाऱ्या कर्मचाऱ्यावर येतो आणि मूळ कारण तसेच राहते. कृष्णा खोऱ्यातील दोन घटना या दृष्टीने उद्‌बोधक आहेत.

सातारा जिल्ह्यातील कोयना धरण सु. 103 मी. उंच आहे. 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे झालेल्या भूकंपात त्याच्या, ज्यांवरून पाणी सांडत नाही अशा, उंच खंडांना तडे गेले. तडा दिसला की पहिला संशय बांधकामाच्या दर्जावर जातो. येथे मात्र धरणातील प्रवेगलेखकाने हादऱ्याची नोंद केलेली होती. प्रवाहाच्या दिशेने जमिनीचा प्रवेग गुरुत्वप्रवेगाच्या सु. 49 टक्क्यांपर्यंत गेला होता; आराखड्यात भूकंपाचे बल 5 टक्के धरले होते. तडे मुख्यतः माथ्यापासून सु. 36 मी. खाली, धरणाच्या पाठीचा उतार एकाएकी बदलतो त्या पातळीला होते. बांधकाम चालू असताना उंचीविषयीचा निर्णय बदलल्याने हा आकार आला होता. पुढे अनिल चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्याने बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात केलेल्या गतिकीय विश्लेषणात नेमक्या याच भागात मोठा ताण आढळला. रूढ स्थिर पद्धतीच्या गणितात तो दिसतच नव्हता. आराखडा करणारांनी त्या काळची सर्वमान्य पद्धत पाळली होती. उणीव त्या पद्धतीत होती. केवळ व्यक्तींना दोषी ठरवून हे उमगले नसते. उंच खंडांना मागून काँक्रीटचे टेकू देऊन धरण मजबूत करण्यात आले.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगली येथे आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली (धोक्याची पातळी 45 फूट). कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावर आणि कोयनेचे दरवाजे उशिरा उघडल्यावर लोकांचा रोष होता. वास्तविक वीज व सिंचनासाठी पावसाळ्याअखेर जलाशय भरलेला हवा, तर पूरनियंत्रणासाठी तो रिकामा हवा. दरवाजे उघडणारा कर्मचारी हा विरोध मंजूर परिचालन आराखड्यानुसारच सोडवितो. म्हणून दरवाजाआधी तो आराखडा तपासणे प्राप्त होते. शिवाय कोयना कराडला कृष्णेस मिळते, तर वारणा सांगलीजवळ हरिपूर येथे. तिन्ही नद्यांना एकाच वेळी पूर आल्यास एका धरणाचा वाटा वेगळा काढणे सोपे नसते.

राज्य शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने 2020 मध्ये दिलेल्या अहवालात अलमट्टीला पुराचे कारण मानले नाही. अतिवृष्टी आणि पूरक्षेत्रातील अतिक्रमणे यांवर भर दिला. हा निष्कर्ष सांगलीत सर्वांना पटला नाही आणि जुलै 2021 च्या पुरानंतर अलमट्टीचा वाद पुन्हा उभा राहिला.