फुटबॉल वाचवणारे 1906 सालचे नियम

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन विद्यापीठांत अमेरिकन पद्धतीचा फुटबॉल हा विद्यार्थिजीवनाचा प्राण होता. परंतु 5 यार्ड पुढे सरकण्यासाठी खेळाडू एकमेकांच्या हातांत हात गुंफून, बहुधा शिरस्त्राणाविनाच, घोळक्याने प्रतिपक्षावर तुटून पडत आणि त्या रेटारेटीत हाडे मोडत, प्रसंगी जीवही जात. ऑक्टोबर 1905 मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये पाचारण करून खेळाला आवर घालण्यास सांगितले, तरीही त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठाने तो बंदच केला. 1906 च्या नियमांनी ‘फॉरवर्ड पास’, म्हणजे चेंडू हाताने पुढच्या सहकाऱ्याकडे फेकणे, वैध ठरवले आणि 3 प्रयत्नांत 5 ऐवजी 10 यार्ड पुढे सरकण्याची अट घातली, ज्यामुळे केवळ रेट्यावर भागेना व चपळाईला मोल आले. खेळाचा खरा पुनर्जन्म हाच होय. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड आणि बर्कली या विद्यापीठांनी मात्र त्याच वर्षी फुटबॉल सोडून रग्बी स्वीकारले, आणि 1920 व 1924 च्या ऑलिंपिकमध्ये रग्बीचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकन संघांत याच परंपरेत घडलेले अनेक खेळाडू होते.