मोर्चा काढायचा, बंद पाळायचा

मराठीत निषेधाच्या प्रत्येक शब्दाला क्रियापद ठरलेलं आहे. मोर्चा काढायचा, धरणं धरायचं, घेराव घालायचा, बंद पाळायचा. इथे कुणी गफलत केली, तर गडी नवखा आहे हे ओळखावं!

मोर्चा मुळात चालायचाच नाही. फारसीतून आलेला हा शब्द. वेढा पडला की तोफा-बंदुका रोखून बसायची जागा म्हणजे मोर्चा. तो बांधावा लागे, म्हणून निवडणुका आल्या की पक्षांची आजही ‘मोर्चेबांधणी’ सुरू होते. पाय त्याला नंतर फुटले. आणि १९७०च्या दशकात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या पुढाऱ्यांमागे महागाईविरुद्ध बायका निघाल्या, तेव्हा त्याच्या हातात लाटणंही आलं.

सगळ्यांत चिवट धरणं. पैसे परत मिळेनात, की घेणेकरी ऋणकोच्या दारात उपाशी बसे; कधी स्वतःऐवजी ब्राह्मणाला बसवी. तो मेला तर ब्रह्महत्या घरमालकाच्या माथी! त्यात रीत अशी, की दारातला उपाशी तोवर घरातल्यानंही जेवायचं नाही. थकलेल्या पगारासाठी शिपाईही हेच करत. १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीत असलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्यानं ते लिहून ठेवलंय. पुढे १८६०च्या दंडविधानात दैवी कोपाची भीती घालणं गुन्हा ठरलं. कलम ५०८. तिथे उदाहरण म्हणून कोण दिलाय? दारात धरणं धरून बसलेला माणूस.

घेराव त्यामानानं पोरसवदा. तो गाजला १९६७ साली, पश्चिम बंगालमध्ये. कामगारमंत्री सुबोध बॅनर्जींना विचारल्याशिवाय पोलिसांनी मधे पडायचं नाही, असा हुकूमच निघाला होता. कोलकाता उच्च न्यायालयानं तो रद्द केला.

हरताळ मात्र दोन. एक बाजाराला कुलूप लावणारा, गुजरातीतून आलेला. दुसरी पिवळी खनिज पूड. पोथीत अक्षर चुकलं की त्यावर फासायची. आश्वासनांना फासतात ती ही दुसरी.

संपाचा हिशेब चोख ठेवावा तो गिरणी कामगारांनी. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. मुंबईत वर्षाला एक दिवस या दरानं सहा दिवस संप.

आणि बंद? १९९७ साली केरळ उच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला. मग तिथल्या पक्षांनी बंद पुकारणं सोडलं आणि हरताळ पुकारायला लागले. दुकानं बंदच! शेवटी २०१९ साली न्यायालयानं हरताळालाही सात दिवसांची आगाऊ नोटीस लावली.