पुस्तक फाटले तर?

पहिलीतल्या मुलाच्या हातात शिसपेन्सिल फार दिवस टिकत नाही. जोर किती लावायचा याचा अंदाज बोटांना अजून आलेला नसतो. दुरेघीत अक्षर बसवताना ते मूल मूठ आवळते, पानाच्या मागे उठाव येईपर्यंत रेटते आणि टोक तुटते. मग शार्पनर, पुन्हा टोक, पुन्हा तेच अक्षर, आणि खोडता खोडता कागदालाच भोक. ज्याचे अक्षर आधीच वळणावर आले आहे त्याची पेन्सिल पुरते. ज्याला अजून गिरवावे लागते त्याची बघता बघता चिमटीत धरता येणार नाही इतकी बुटकी होते. म्हणजे ज्याला शिकायला जास्त वेळ लागतो त्याला साहित्यही जास्त लागते. घरी दुसरी पेन्सिल नाही हे ज्याला ठाऊक असते ते मूल हात राखून लिहिते, आणि हात राखून लिहिणाऱ्याला अक्षर वळवता येत नाही. लहान वर्गांना साहित्य पुरवताना किती वाटले याच्या बरोबरीने किती झिजले हेही मोजले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

वाटपात आपण मागे नाही. राज्याची पाठ्यपुस्तके काढणाऱ्या बालभारतीची स्थापना 27 जानेवारी 1967 ची. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि सरकारी शाळेतल्या मुलाला पाठ्यपुस्तक फुकट मिळणे हा उपकार राहिला नाही. मुंबई महापालिका आपल्या शाळांतल्या मुलांना वह्या-दप्तरासह 27 वस्तू देते. हे काम मोठे आहे, त्याला नावे ठेवणे कृतघ्नपणा ठरेल. पण हा सगळा हिशेब डोईमागे सारखा असतो. 2023-24 मध्ये राज्याने पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पाने घालून पाहिली. हेतू चांगला होता: गरीब घरचा वह्यांचा खर्च वाचावा, दप्तर हलके व्हावे. तरी मुले वेगळ्या वह्या आणतच राहिली आणि 2025 मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. कोणत्या मुलाला किती कागद लागेल हे छापखान्यात ठरवता येत नाही, हा त्यातला धडा मला महत्त्वाचा वाटतो.

गोष्टीच्या पुस्तकांची कथा याहून अवघड आहे. प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे आणि त्यात गोष्टींची पुस्तकेही हवीत, असे शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीतच आहे. समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयासाठी वर्षाला 5,000 रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिका-चित्रकाराने लहानांसाठी मराठीत उत्तम पुस्तके केली आहेत. पैसा थोडा का होईना, आहे, पुस्तके आहेत, तरी कितीतरी शाळांत ती कपाटात असतात आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे. याला शिक्षकांची अनास्था म्हणणे सोपे आहे. पण पुस्तक आले की नोंदवहीत चढते आणि चढलेली वस्तू हरवली तर उत्तर द्यावे लागते. ती नोंदीतून काढायची तर निर्लेखनाचा प्रस्ताव, मंजुरी, सह्या. एका फाटलेल्या चित्रपुस्तकासाठी एवढे कोण करील? त्यापेक्षा कुलूप बरे. 1987 पासूनच्या खडू-फळा मोहिमेतही हीच तक्रार होती: साहित्य शाळेत पोहोचले आणि मोडेल या भीतीने पेटीतच राहिले. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचा पहिला नियम सांगितला तो ‘पुस्तके वापरासाठी असतात’ हा. तो समजावताना त्यांनी साखळदंडाने बांधलेल्या जुन्या युरोपीय ग्रंथांचा दाखला दिला आहे.

यावर रास्त आक्षेप असा की पैसा जनतेचा आहे. हिशेब सोडला तर पुस्तके घरोघरी जातील, रद्दीत जातील. हिशेब सोडावा असे मी म्हणतच नाही. खडूचाही हिशेब असतो, पण संपलेला खडू कुठे गेला असा जाब कोणी विचारत नाही, कारण तो फळ्यावर झिजला हे सगळ्यांना मान्य आहे. लहान वर्गातले पातळ, पिनांनी शिवलेले चित्रपुस्तक खडूच्या बाजूचे आहे, टेबल-खुर्चीच्या नाही. दोन-तीन वर्षांत ते संपणारच असे धरून खरेदी केली तर निर्लेखनाची भीती उरत नाही. राहिले घरी जाणे. ज्या घरात एकही पुस्तक नाही तिथे एक गेले, तर त्याला नुकसान म्हणावे का?

दुसरा आक्षेप, मोकळीक दिली की मुले नासधूस करतात. करतात, सुरुवातीला. ज्याला पुस्तक कधी हाती मिळालेच नाही ते मूल पान चिमटीत न धरता पंजाने ओढते. पान उलटणे ही हाताने शिकायची गोष्ट आहे आणि ती कपाटाच्या काचेतून शिकता येत नाही. उरला वह्या-पेन्सिलींचा आणि त्या देणाऱ्या दात्यांचा मुद्दा. जूनमध्ये गावोगावची मंडळे वह्या वाटतात, त्याचे मोल आहेच. पण जूनमधली वही दिवाळीनंतर भरते, आणि तेव्हा फोटो काढायला कोणी येत नाही. म्हणून वर्गाचा एक डबा असावा, पेन्सिली आणि कोऱ्या कागदांचा, शाळा अनुदानातून दर महिन्याला भरलेला, आणि मुलाने न विचारता हात घालावा असा.

काही जिल्हा परिषद शाळांत वर्गातच मुलांच्या उंचीवर दोरी बांधून पुस्तके टांगलेली असतात. केंद्रप्रमुख भेटीला आले की त्यांनी नोंदवहीच्या आधी त्या दोरीवरची दोन पुस्तके हातात घ्यावीत: कोणाच्या कडा मऊ पडल्या आहेत, कोणत्या पानावर बोटांचे डाग आहेत, कोणते खळ लावून वाकडेतिकडे चिकटवले आहे, आणि कोणत्या पुस्तकाची पाने अजून छापखान्यातून आल्यासारखी एकमेकांना चिकटून आहेत.