पिसे झडली म्हणून कोंबडी विकू नका

पावसाळा सरून थंडीची चाहूल लागली की शिरूर कासार आणि आसपासच्या गावांत घरोघरी एकच तक्रार असते. कोंबड्या अंडी देत नाहीत. परसात पिसांचा सडा पडतो, कालपर्यंत तुकतुकीत दिसणारी कोंबडी ओकीबोकी होते, तुरा फिका पडतो. घरातील मंडळी समजतात की कोंबडीला रोग लागला किंवा ती म्हातारी झाली. मग येईल त्या भावात ती आठवडी बाजारात विकली जाते किंवा तिच्या गळ्यावर सुरी फिरते. यात गरीब कुटुंबाचे मोठे नुकसान होते, म्हणून आज या विषयावर चार शब्द लिहीत आहोत.

आम्ही कापडाचे व्यापारी. कोंबड्यांशी आमचा काय संबंध, असे कोणी विचारील. पण ईदच्या तोंडावर आमच्या भगिनी पदराच्या गाठीतून जे पैसे सोडतात, त्यांत अंड्यांचे पैसे किती असतात हे गल्ल्यावर बसणाऱ्याला चांगले कळते. ही कमाई आटली की कापडाची खरेदी आणि मुलांची वह्या-पुस्तकेही आटतात.

पिसे झडणे हा रोग नव्हे. उर्दूत याला 'कुरीज' म्हणतात, आपल्याकडे 'कोंबडीने पिसे टाकली' असे साधेपणाने म्हणतात. वर्षभरात जुनी पिसे झिजतात, फाटतात. थंडीपूर्वी ती टाकून नवी घालणे ही कुदरतीची व्यवस्था आहे. साधारण दीड वर्षाची झाली की कोंबडी प्रथम पूर्ण पिसे टाकते आणि त्यानंतर बहुधा दरवर्षी. आधी डोके व मान, मग छाती व पाठ, शेवटी पंख व शेपटी असा क्रम असतो.

याचे मुख्य कारण दिवसाचा उजेड. कोंबडीला भरपूर अंडी देण्यासाठी रोज सुमारे १४ तास उजेड लागतो. आपल्या भागात जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, तर डिसेंबरमध्ये तो ११ तासांवर येतो. उजेड कमी झाला की मेंदूकडून अंडाशयाला मिळणारी सूचना मंदावते, अंडाशय आक्रसते आणि पिसे बदलण्याचे काम सुरू होते. याशिवाय एखादा दिवस पाणी न मिळणे, खाद्य एकदम बदलणे, कडक उन्हाळा, कुत्र्या-मांजराची दहशत यांमुळेही अवेळी पिसे झडतात. अंड्यांवर बसून पिल्ले वाढविलेली कोंबडी अशक्त झाल्यावरही काही पिसे टाकते.

अंडी का थांबतात, हे आमच्या धंद्यातील उदाहरणाने सांगतो. मागावर सूत मोजकेच असेल तर एका वेळी एकच कापड निघेल. कोंबडीच्या अंगातील प्रथिने हे तिचे सूत. पिसांचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग प्रथिनांचाच असतो आणि अंड्यालाही प्रथिनेच लागतात. दोन्ही कामे एकदम पेलत नाहीत म्हणून अंड्याचे काम बंद पडते. ही सुटी साधारण आठ ते बारा आठवड्यांची असते. एवढ्या काळात अंडे तयार होण्याची नळीही विसावा घेऊन नव्याने सज्ज होते. म्हणूनच पुढच्या हंगामातील अंडी संख्येने थोडी कमी, पण आकाराने मोठी आणि पहिल्या हंगामाच्या अखेरच्या अंड्यांपेक्षा टणक कवचाची असतात.

आता हिशेब पाहू. गावरान कोंबडी वर्षाला साठ ते ऐंशी अंडी देते. समजा, पिसे टाकण्याचा काळ ७० दिवसांचा आहे आणि रोज ५० ग्रॅम दाणा आपण पदरचा घालतो. एकूण खर्च साडेतीन किलो दाण्याचा. याउलट ही कोंबडी विकून नवे पिल्लू वाढवायचे म्हटले तर पहिले अंडे मिळेपर्यंत सहा-सात महिने जातात. तेवढे दिवस दाणा तर लागेलच, शिवाय घार, मांजर आणि मानमोडी यांतून ते वाचले पाहिजे. ७० दिवस थांबावे की २०० दिवस, हे कोणत्याही व्यापाऱ्याला सांगावे लागणार नाही.

आपल्या तालुक्याची अडचण वेगळीच आहे. दसरा-दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि नेमक्या याच दिवसांत कोंबड्या पिसे टाकतात. जाणाऱ्या कुटुंबाला त्या सांभाळणे शक्य नसते, खरेदीदाराला हे ठाऊक असते आणि ओकीबोकी कोंबडी पाहून तो भाव आणखी पाडतो. यावर उपाय असा की चांगल्या कोंबड्या मागे राहणाऱ्या नातलगाकडे किंवा शेजाऱ्याकडे निम्म्या वाट्यावर ठेवाव्यात. अंडी आणि पिल्ले यांचा वाटा आधीच दोन माणसांसमक्ष ठरवून घ्यावा. घरी परतल्यावर अंडी देणारी कोंबडी हाती राहील. विकायचीच असेल तर पिसे झडण्यापूर्वी, भाद्रपदातच विकावी.

कोणती ठेवावी आणि कोणती काढावी, हेही पिसांवरून कळते. जी कोंबडी उशिरा, म्हणजे दिवाळीच्या सुमारास किंवा नंतर पिसे टाकते आणि भराभर एकदम टाकते, ती चांगली अंडी देणारी. दिसायला ती सर्वांत वाईट दिसते आणि अज्ञानाने तीच आधी विकली जाते. जी आषाढ-श्रावणातच सुरुवात करते आणि महिनोन्महिने एकेक पीस टाकत बसते, ती कमी अंडी देणारी. पिल्ले वाढवून नुकतीच मोकळी झालेली कोंबडी मात्र या मापाने मोजू नये.

या काळात बाजरी-ज्वारीवर भागत नाही, कारण त्यांत प्रथिने दहा-अकरा टक्केच असतात. सोबत शेंगदाण्याची किंवा सोयाबीनची पेंड, सुकटीचा चुरा, हरभऱ्याची चुरी यांपैकी जे परवडेल ते थोडे थोडे द्यावे. बुरशी आलेली पेंड मात्र कधीही देऊ नये, ती विषासमान आहे. स्वच्छ पाणी दिवसभर असावे. खुराड्यात थंड वारा शिरू देऊ नये. नव्या कोंबांत रक्त असते, ते दुखतात, म्हणून कोंबडीला वारंवार धरू नये. अंडी पुन्हा सुरू झाली की शिंपल्यांचा चुरा द्यावा. पिसे भरून आल्यावर पहाटे दोन-तीन तास छोटा दिवा लावला तर अंडी लवकर सुरू होतात, पण तो रोज ठरल्या वेळी लागला पाहिजे. विजेचा भरवसा नसेल तर त्या फंदात पडू नये.

रोग कसा ओळखावा? झडलेल्या जागी नव्या पिसांचे कोंब दिसले आणि कोंबडी खात-पीत असेल तर काळजी नाही. कोंब नसून कातडी लाल झाली असेल तर उवा, पिसवा किंवा चोची मारणे हे कारण असू शकते. मान वाकडी होणे, हिरवट-पांढरी विष्ठा, धाप लागणे ही रोगाची लक्षणे आहेत. एकाएकी अनेक कोंबड्या मेल्या तर त्या विकू किंवा खाऊ नयेत, ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे बर्ड फ्लू आला होता, हे विसरता कामा नये.

मोठ्या फार्मवर सर्व कोंबड्यांची पिसे एकदम झडावीत म्हणून त्यांना उपाशी ठेवण्याची पद्धत होती. ही पद्धत १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याविरुद्ध असल्याचे केंद्राच्या पशु कल्याण मंडळाने २०११ साली कळविले. मांजरीला बांधून उपाशी मारणाऱ्या स्त्रीची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. मुक्या जिवाला उपाशी ठेवून मिळविलेल्या पैशात बरकत कशी असेल?

शेवटी व्यापारी बांधवांना एक विनंती. मालातील ऐब सांगून विकणे ही आपल्या दीनची शिकवण आहे. आम्ही थानातील डाग ग्राहकाला दाखवून देतो, तोच न्याय खरेदीलाही लावावा. पिसे झडलेली कोंबडी आजारी आहे असे भासवून एखाद्या विधवेकडून ती निम्म्या भावात घेऊ नका. ही कोंबडी दोन-अडीच महिन्यांत पुन्हा अंडी देईल, हे तिला सांगा. मग तिने विकायचे ठरविले, तर वाजवी दाम द्या.